डाव्या मनगटाचं घड्याळ

मनगटी घड्याळ काढल्यावर त्याची मागची बाजू कधी नाकाजवळ नेऊन पाहिली आहे का? नका नेऊ. मी नेली आहे, वर्षानुवर्षं. त्या वासाचा मला इतका उबग आला, की त्यातूनच माझा हा घड्याळं जमवायचा नाद सुरू झाला. लोकांना वाटतं नाद म्हणजे हौस. माझा नाद किळसेतून आला.

मी लाल बसची कंडक्टर. वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर, आणि परत. मे महिन्यात नवतपा लागला, ते नऊ आगीचे दिवस आले, की गाडीचा पत्रा तापून अंगाला झळा मारतो. गर्दीत डावा हात वर दांडीला आणि उजव्यात तिकिटाचं मशीन. वरच्या हाताचा घाम ओघळत कोपरापर्यंत येतो आणि वाटेत घड्याळाच्या पट्ट्यात मुरतो. त्यात धूळ, त्यात नोटांचा मळ. लोक नोटा कुठून कुठून काढून देतात! कमरेतून, ब्लाऊजमधून, दातात धरलेल्या, थुंकीनं ओल्या. संध्याकाळी घड्याळ काढलं की खाली काळपट लगदा, आणि लगद्याखाली भिजून सुरकुतलेली पांढरी कातडी. जेवायला बसलं तरी बोटांना तोच वास. साबणानं धुतला तरी तोच. ताटावरून उठून पुन्हा हात धुणारी बाई म्हणून सासरी माझी कीर्ती झाली होती.

मग घालायचंच कशाला, असं कोणीही विचारील. तर घालावं लागायचं. लग्न होऊन पिपरी मेघेला आले तेव्हा सासूबाईंचा हट्ट, दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले पाहिजेत. नोकरीच्या सुरुवातीलाच एकदा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, माझा हात दांडीवर आपटला आणि काच मनगटात घुसली. रक्त थांबेना. टाके घालून घरी आले तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "किती वाढल्या वो?" आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. बाईचा हात फाटला तरी चालेल, शब्द शुभ पाहिजे. त्या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

शेवटी घरात तोड निघाली: उजव्या हातात बांगड्या, डाव्यात घड्याळ. नोकरीवाल्या बाईला तेवढी सूट होती. घड्याळ असलं की त्या हाताला कोणी भुंडा म्हणत नाही. म्हणून मला घड्याळ लागायचं. वेळ तर काय, ड्रायव्हरलाही ठाऊक असायची.

आता घड्याळ घालायचंच आहे तर खुपायला नको, चावायला नको, नासायला नको, एवढीच माझी मागणी. पण ती कोणत्याही कंपनीच्या बापाला पुरी करता आली नाही. आणि लेडीज घड्याळ या प्रकारावर तर मी एक दिवस कोर्टात जाणार होते. शेंगदाण्याएवढी तबकडी, आकड्यांच्या जागी खडे, काटे असे की चष्मा लावूनही दिसू नयेत. बाईला वेळ पाहायचीच नसते असं कोण्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे. साखळीचं घ्यावं तर हातावरची लव कड्यांत अडकून उपटून निघते. रेक्झिनचा पट्टा एका उन्हाळ्यात सोलपटतो आणि त्याच्या काळ्या खपल्या हाताला चिकटतात. रबरानं घामोळ्या येतात, त्या खाजवाव्या तर सुट्टे पैसे खाली पडतात. सोन्याचं पाणी दिलेलं एक भावानं राखीला दिलं होतं, त्याचं पाणी महिन्यात उतरलं आणि माझं मनगट हिरवं पडलं. पुरुषांचं घेतलं तर नाकापेक्षा मोती जड, शिवाय त्याची चावी हाताच्या मागं रुतून खड्डा पाडायची.

आमच्या घरच्यांनी एकदा मोठ्या कौतुकानं ते मोबाईलसारखं घड्याळ आणलं. ते थोड्या थोड्या वेळानं थरथरायचं आणि सांगायचं, उठा, थोडं उभे राहा. सकाळपासून दांडीला लटकलेल्या बाईला सांगतं, उभे राहा! मी ते संध्याकाळी ह्यांच्याच हातात बांधलं. म्हटलं, तुमच्या ऑफिसात याची जास्त गरज आहे.

असं करत करत चकलीच्या डब्यात घड्याळं साचली. एक टाकून दिलं नाही. दर वेळी वाटायचं, हेच बरं निघेल. नवं घड्याळ घेताना माझी एक रीत होती. दुकानात बांधायचं, हात वर करून थोडा वेळ तसाच धरायचा, दांडीला धरल्यासारखा. दुकानदार म्हणायचा, "काय वो बाई, दुकान पडून राह्यलं काय, हात काऊन टेकवून राह्यल्या?" मी म्हणायची, "तुमचं घड्याळ पाहून देवाले हात दाखवून राह्यली."

मग एकदाचं मिळालं. बसस्टँडजवळच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये, कोणी न्यायलाच न आलेल्या घड्याळांत. जुनं, चावीचं, पातळ. पांढरी तबकडी, काळे ठळक आकडे, खडा नाही, चमक नाही. मागची बाजू इतकी गुळगुळीत की हाताला लागतच नव्हती. पट्टा तेवढा कुजलेला होता, तो मी तिथंच चिमटीत धरून फेकला.

पट्टा शिवला माझ्या मुलीनं. एकुलती एक, फार्मसी करून औषधाच्या दुकानात लागलेली. घरात खादीची एक जुनी पिशवी पडली होती, जाड, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिनं ती कापून दुहेरी पट्टे शिवले, भोकांना हातानं काज केले. एक धुवायला, एक घालायला. रोज रात्री धुवायचा, सकाळी दुसरा. वास नाही, लगदा नाही, घामोळ्या नाहीत. एकदा वडनेरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, किती वाजले? मी पिशवीतला मोबाईल शोधू लागले. हातात घड्याळ आहे हे मी विसरलेच होते! आयुष्यात पहिल्यांदा. सांगते तुम्हाला, नवीन साडीनं झाला नसेल इतका आनंद मला त्या विसरण्यानं झाला.

आणि त्याच उन्हाळ्यात आंघोळ करताना डाव्या छातीला गाठ लागली.

वर्ध्यात दवाखान्यांची काय कमी आहे? लोक लांबलांबून इथं येतात. पण ह्यांनी मला नागपूरला नेलं, कारण इथं कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे म्हणाले. घरात उपवर मुलगी. मायला कॅन्सर म्हटल्यावर उद्या पोरीलाही होईल म्हणून कोणी दारात उभं राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा होता असंही म्हणता येत नाही, तेच तर घाण आहे. माझी छाती काढली आणि नातेवाइकांना सांगितलं, गर्भपिशवी काढली. गर्भपिशवी चालते. तिच्यावर बायका चहा पिता पिता बोलतात. छाती मात्र नाही.

टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तेव्हा हा डावा हात आता जन्मभर जपायचा. सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट काही नाही, कापणं-खरचटणं अजिबात नाही. साधी जखम चिघळली तरी हात सुजून खांबासारखा होतो आणि सूज मग उतरत नाही.

"अन् घड्याळ?" मी विचारलं.

"घड्याळ नाही, बांगडी नाही. काही नाही."

मी तिथंच रडायला लागले. मागं उभ्या ह्यांना वाटलं, छातीसाठी रडते. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. आता त्यांना काय सांगू, की छातीचं जे व्हायचं ते झालं, पण सारा जन्म शोधून एक घड्याळ अंगाला लागलं होतं हो, एक!

उजव्या हातात घालून पाहिलं. उलट्या पायात चप्पल घातल्यासारखं वाटायचं. वेळ पाहायला डावा हातच वर यायचा, आणि तिथं नुसतं मनगट, जरा फुगलेलं, गुळगुळीत, माझं नसल्यासारखं. घड्याळ कपाटात ठेवून दिलं.

पुढं औषधानं केस गेले. आता याचं काय सांगायचं? ह्यांनी डोकं लढवलं आणि पसरवून दिलं, की बाईनं तिरुपतीला केस दिले, नवस होता. झालं! लोक प्रसाद मागायला आले. माझी मोठी नणंद, ह्यांची थोरली बहीण, इथंच सिंदी मेघेला राहते. ती दुसऱ्याच दिवशी हजर, "वयनी, लाडू कुठी हाय?" हे नागपूरला गेले आणि एका मिठाईच्या दुकानातून लाडू घेऊन आले. नणंदेनं तो लाडू आधी कपाळाला लावला, मग खाल्ला. मी टकलावर पदर घेऊन समोर बसले होते, पोटात मळमळत होतं. औषधानं की त्या लाडवानं, देव जाणे. तिरुपतीचाच देव जाणे.

सहा-आठ महिन्यांत केस थोडे आले, मला डेपोत बसून करायचं हलकं काम मिळालं, आणि त्याच नणंदेनं मुलीसाठी स्थळ आणलं. हिंगणघाटचं, मुलगा बँकेत. मुलीला मुलगा आवडला, त्यालाही ती आवडली. मुलगी मला म्हणाली, "आई, मी त्याले सांगून टाकते तुझ्याबद्दल." हे ऐकून ह्यांनी तिचे हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं. "लग्न होऊन जाऊ दे बेटा, मंग सांगू. तुले माही शपथ हाय." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलणार? स्थळ मोडलं असतं तर ते मोडणारी मीच, माझं आजारपणच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. साखरपुड्याला मी लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, हाताला मार लागला. लोकांनी मान डोलावली. नवतपा तोंडावर आलेला, लांब बाह्यांत मी शिजत होते आणि बायका म्हणत होत्या, फॅशन चांगली आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीला हळद लागली. दुपारी चुडा. आमच्याकडे नवरीला हिरवा चुडा भरतात तेव्हा घरच्या साऱ्या बायका भरतात, नवरीच्या आईनं तर भरलाच पाहिजे. बांगड्यांवाली बाई पुढच्या खोलीत टोपली मांडून बसली. मुलीच्या उजव्या हातात बांगड्या चढत होत्या, बायका गाणी म्हणत होत्या. मी उजवा हात पुढं केला, भरून घेतला आणि उठू लागले.

"वयनी, बसा!" नणंदेनं खांदा दाबला. "डावा?"

"डाव्याले मार हाय ना ताई."

"किती दिवसाचा मार हाय हा? घड्याळही नाई तुमचं आजकाल. हात कसा भुंडा दिसून राह्यला. नवरीच्या मायनं एकाच हातात चुडा भरावा? लोक काय म्हणतीन?"

"दुखते ताई. सूज हाय."

"साबण लावून चढते. मी आहे ना."

घड्याळ होतं तोवर त्या हाताला कोणी काही विचारलं नव्हतं. आता नुसता होता म्हणून खोलीभर बायका त्याच्याकडे पाहत होत्या. खिडकीबाहेर हे मंडपवाल्याशी बोलत उभे होते. त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी डोळ्यांनीच विनवलं, काढ ना बाई वेळ. मी त्यांचं तोंड पाहत राहिले तेवढ्यात नणंदेनं माझी बाही वर सारली, हात ओढून बांगड्यांवालीच्या मांडीवर ठेवला, त्यावर साबणाचा फेस फासला. "हात ढिला सोडा बाई," बांगड्यांवाली म्हणाली आणि माझ्या हाताची हाडं चुरगळू लागली. फेसात आधीच्या बायकांचा मळ होता, राखाडी. मला उलटीच यायची होती. एक बांगडी अंगठ्याच्या गड्ड्यावर अडली. "थोडीशीच राह्यली," नणंद म्हणाली आणि तिनं वरून दाबलं.

कटकन आवाज आला. काच मनगटात गेली आणि फेसात रक्त उतरलं.

"वाढली, वाढली!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

"वाढली नाई!" मी ओरडले. "फुटली! फुटली म्हणा! माह्या हातात काच गेली."

"हळू वो, शुभ दिवस हाय," नणंद म्हणाली. "एवढंसं तं लागलं."

बस. तिथं माझा संयम संपला. एवढंसं! मी उठले, तिथल्याच तांब्यातलं पाणी हातावर ओतलं. पाणी, साबण, रक्त, सारं सतरंजीवर गेलं, जाऊ दे. म्हटलं, "ऐका सगळ्याजणी. मले कॅन्सर झाला होता. डावी छाती काढली माही. काखेतल्या गाठी काढल्या. या हाताले काच लागली तं हात कामातून जाईन, म्हणून नाई म्हणून राह्यली होती. माही गर्भपिशवी जागेवर हाय. समजलं?"

नणंदेच्या हाताला माझ्या हातावरचा फेस लागला होता. तिनं तो पदराला पुसला. एकदा पुसला, मग पाहिलं, मग पुन्हा पुसला. मी आयुष्यभर घड्याळाखालचा लगदा पुसला आहे, किळस येऊन पुसणं कसं असतं ते मला कोणी शिकवू नये. लाडू कपाळाला लावणारा तो हात, आणि मला शिवला म्हणून पुसत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक चुलत सासू हळूच म्हणाली, "मंग ते लाडू?"

"नागपूरच्या दुकानातले."

"बाप्पा! मी तं देवापुढं ठेवून खाल्ले."

हे दारात येऊन उभे राहिले होते. कपाळावर हात मारून तिथल्याच खुर्चीत बसले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. नणंद त्यांच्यावर आणि माझ्यावर एकदमच बरसली. "अन् हे मले आज सांगता? मी तिकडच्या लोकांले तोंड कसं दाखवू? स्थळ मी आणलं ना!" आणि मोबाईल काढून मागच्या अंगणात गेली. कोणाला फोन लावणार ते सगळ्यांना कळलं. बायका माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहत होत्या. डोळ्यांत असं, की झालं बापा, पोरीचं लग्न गेलं. हात गेला तरी चालला असता, गप्प बसायला पाहिजे होतं, असं एकदम वाटून गेलं. लेकीकडे बघायची छाती होईना.

मुलगी पाटावरून उठली. उजव्या हातात गच्च हिरवा चुडा, डावा हात रिकामा. बांगड्यांवालीनं तो धरला होता, तिनं सोडवून घेतला. "राहू द्या काकू, हा नाई भरायचा."

"अवो, नवरीचा भुंडा हात?" चुलत सासू म्हणाली.

मुलगी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. माझं घड्याळ घेऊन आली, खादीच्या पट्ट्यासकट, आणि सगळ्यांच्या समोर डाव्या मनगटावर बांधलं. "भुंडा नको ना? घ्या, भरला," म्हणाली. मग मला म्हणाली, "आई, चल. दवाखाना."

हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडत नाही. ह्यांनी म्हटलं, "मी नेतो ना," ती म्हणाली, "तुम्ही नागपूरले न्याल." हळदीचे हात, हळदीचं तोंड, तशीच गाडीवर बसली, मला मागं बसवलं. मी हाताला स्वच्छ फडकं गुंडाळून वर धरला होता, जसा वर्षानुवर्षं दांडीला धरला तसा. रस्त्यानं लोक बघत होते. बघा म्हटलं, बघा.

वर्ध्यातल्याच मोठ्या दवाखान्यात गेलो. ज्या ओळखीच्या लोकांना भिऊन एक वर्ष नागपूरच्या चकरा मारल्या, ते सगळे तिथं होतेच. "काय वो, वडनेरच्या गाडीवाल्या बाई ना तुम्ही? काय झालं?" मी सांगितलं काय झालं. छातीपासून काचेपर्यंत सगळं सांगितलं. एक बाई म्हणाली, माझ्या सासूलाही झाला होता, आणि पाणी आणून दिलं. कोणी हात पुसला नाही. नर्सनं काच काढली, जखम धुतली, गोळ्या लिहून आणल्या आणि विचारलं, या हातात बांगडी भरलीच कोणी? मी म्हटलं, नणंदेनं. ती म्हणाली, तिला घेऊन या एकदा. मी म्हटलं, ती येणार नाही, तिला कळलं आहे की माझा रोग शिवल्यानं लागतो.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा मुलीचा फोन वाजला. मुलाची आई. मुलीनं फोन माझ्या हातात दिला.

"इहीणबाई, तुम्ही लपवून ठेवलं. मले हे अजिबात आवडलं नाई."

"मलेही नाई आवडलं," मी म्हटलं.

तिला रडणं, माफी असं काही अपेक्षित असावं. "पोरीची तपासणी केली काय?"

"केली. काही नाई. पुढंही करत जाईन ती. तुमची केली काय?"

"माही कायले?"

"कोणालेही होते ना हा. तुमच्याही घरी पोरगी हाय."

फोन तिनं ठेवला. मुलगी माझ्याकडे पाहून हसली नाही, रडलीही नाही. थोड्या वेळानं तिला मुलाचा मेसेज आला. तिनं वाचला, मोबाईल पालथा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या वेळेवर या म्हणते तो." एवढंच. तो आईशी भांडला, की कार्यालय ठरलं आणि पत्रिका वाटल्या म्हणून त्यांनी गिळलं, मला आजपर्यंत माहीत नाही. मी विचारलंही नाही. माणसांच्या मनाच्या मागच्या बाजूला काय साचलं आहे ते नाकाजवळ नेऊन बघायची माझी आता इच्छा राहिली नाही.

लग्न झालं. नणंद आली, मानाची साडी घेतली, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. मुलाची आई तोंड आंबट करून होती. फोटोवाल्यानं मुलीला म्हटलं, मॅडम, घड्याळ काढा, फोटोत बरं नाही दिसत. मुलाच्या आईनंही म्हटलं, "काढ बाई ते, लोक विचारून राह्यले." मुलगी म्हणाली, "विचारू द्या. मी सांगते." आणि खरंच सांगत होती, स्टेजवर येणाऱ्या ज्यानं विचारलं त्याला, आईचं आहे म्हणून, आणि आई का घालत नाही तेही. ह्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. मग पाहिलं, कोणी पळून जात नाही, जेवणाची रांग तशीच चालू आहे, तेव्हा जरा वर केली.

निरोपाच्या वेळी तीन वाजले होते. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. सगळे रडत होते. मुलगी माझ्या गळ्यात पडली आणि तिचा डावा हात माझ्या पाठीवर आला, घड्याळाची कड लागली. मी तिला बाजूला केलं, तिचं मनगट धरलं, पट्टा सरकवून खाली पाहिलं. पांढरी पडलेली, ओली कातडी, आणि पट्ट्याचा खोल वळ. उन्हात हात फुगतो हे या पोरीला कोण सांगणार! सकाळी बांधलं तसंच ओढून ठेवलेलं.

"एक काज सैल कर," मी म्हटलं.

"आई, आता?"

"आत्ता. मले दिसू दे. अन् जे रुततं, ते तिथल्या तिथं सैल करत जाजो. कोणाले विचारू नको."

ती रडत रडतच गाडीत बसली. काच वर जायच्या आधी मी पाहिलं, तिनं पट्टा सोडला आणि एक काज मागं लावला.